वरातीची गाडी आणि खरीखुरी उघडी गाडी

प्रश्न नांदेडहून आला आहे. चौघं जण मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेत. प्रकल्पासाठी त्यांनी भंगारात निघालेली मारुती 800 घेतली आहे. तिचं छप्पर कापून दोन माणसांची छोटी उघडी कन्सेप्ट कार करायची आहे. स्केच तयार आहे, फायबरवाला ठरला आहे. गाइड सरांनी "मजबुतीचं काय?" म्हणून विचारलं, तर पोरांचं उत्तर असं की छप्पर गेल्यावर वजन कमीच होणार, मग भार कशाचा? आता मला विचारतायत की ग्राइंडर कुठून लावायचा.

घरात पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा असेल, नसेल तर किराणा दुकानातून आणा. दोघांनी दोन टोकं धरून तो पिळायचा प्रयत्न करा. पिळत नाही. मग तो आडवा ठेवून लांब बाजूची एक भिंत कापून काढा, कोंबड्यांना पाणी ठेवायला कापतात तसा. आता परत पिळा. पत्रा तोच, जाडी तीच, पण डबा हातात डुलायला लागतो. तुमची 800 म्हणजे चार चाकांवरचा हाच डबा आहे आणि तुम्ही कापायला निघालात ती भिंत म्हणजे छप्पर.

याचं गणित तुम्ही दुसऱ्या वर्षाला केलंय, फक्त गाडीशी जोडून पाहिलं नसेल. 60 मिमी बाहेरच्या व्यासाचा, 2 मिमी जाडीचा पाइप घ्या. त्याला लांबीभर एक चीर पाडा. एक ग्रॅम लोखंड कमी केलेलं नाही, पण पिळाला होणारा विरोध सहाशे पटींपेक्षा जास्त घटतो. बंद नळी आणि उघडी पन्हळ यांच्यात एवढा फरक आहे. गाडीत फरक इतका टोकाचा नसतो, कारण खाली फरशी, दाराखालची सिल, पुढची फायरवॉल (इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत) हे सगळं उरलेलं असतं. पण दिशा हीच.

आणि वजनाचं म्हणाल तर 800 च्या छपराचा पत्रा दीडेक चौरस मीटर धरा, जाडी पाऊण मिलिमीटरच्या आत. आठ किलो भरतो. ही आठ किलो काढून गेलेली ताकद परत आणायला आम्हाला दर वेळी तीस-चाळीस किलो घालावे लागलेत. मोठ्या कंपन्यांच्याही बहुतेक उघड्या गाड्या त्यांच्याच बंद भावंडांपेक्षा जड असतात, त्याचं कारण हेच.

आता तुम्ही म्हणाल, मग लातूर-नांदेडला लग्नात एवढ्या कापलेल्या गाड्या फिरतात त्या कशा चालतात? त्या चालतच नाहीत, त्या मिरवतात. पुढे बँड, मागे जनरेटर, मध्ये नवरदेव. ताशी चार-पाच किलोमीटर. त्या गाडीला कधी खड्डा लागत नाही, कारण पोरं नाचत नाचत आधी खड्ड्यात उतरलेली असतात. वरातीच्या गाडीचं मला कौतुक आहे, आमच्या डेंटर लोकांचं दोन महिने पोट तिच्यावर चालतं. पण तुम्हाला कन्सेप्ट कार करायची आहे, म्हणजे निदान कॉलेजच्या आवारात ती चाळीसने धावली पाहिजे आणि गतिरोधकावरून गेल्यावर तिचा आरसा थरथरता कामा नये.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, माझं नाक कापलं गेलंय म्हणून सांगतोय. संभाजीनगरजवळ वाळूजला टूलरूममध्ये काम करायचो तेव्हाची गोष्ट. एका ओळखीच्या माणसाला फार्महाउसवर फिरवायला उघडी गाडी हवी होती. आम्ही सुट्टीच्या दिवशी एका शेडमध्ये गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली आणि दुपारपर्यंत छप्पर उतरवलं. मिस्त्री खूश, मी खूश. घोडे काढून गाडी चाकांवर आली, मी आत बसलो आणि दार ओढलं. लागेना. दाराची वरची फट एका बाजूला सात-आठ मिलिमीटरने मिटली होती. गाडी मधोमध खचली होती, झोळीसारखी. मिस्त्रीने दाराची कड घासून ते "बसवलं". दोन दिवसांनी गाडी उताराला लावली, तर दार उघडेना. त्या मालकाने पुढे ती गाडी शेळ्यांच्या गोठ्यापाशी उभी केली. अजून असेल तिथेच.

म्हणून पहिलं काम कापायचं नाही, बांधायचं. दोन्ही दारांच्या चौकटींत, बंद स्थितीतल्या फटी मोजून झाल्यावर, चौकोनी पाइपचे आडवे आणि तिरपे आधार टॅक करून, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी कच्चे जोडून, घ्या. शिवाय डाव्या पिलरपासून (दारालगतच्या उभ्या खांबापासून) उजव्या पिलरपर्यंतही एक. हे आधार सगळी नवी मजबुती वेल्ड होऊन थंड होईपर्यंत काढायचे नाहीत, कितीही अडचण झाली तरी. आणि वेल्डिंगचं काम सुरू करण्याआधी मागच्या फरशीखालची पेट्रोलची टाकी आणि बॅटरी दोन्ही उतरवा. टाकी रिकामी आहे म्हणून राहू द्यायची नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

दाराखालची जी उंबरठ्यासारखी लांब पेटी असते, तिला गॅरेजमध्ये कुणी रनिंग बोर्ड म्हणतं, कुणी सिल. उघड्या गाडीचं डिझाइन तिथून सुरू होतं. बोनेटच्या रेषेवरून नाही, दिव्यांच्या आकारावरून तर नाहीच. तुमच्या स्केचमध्ये मी सर्वांत आधी तेच पाहिलं: सिल दोन बोटांची आणि दार जवळजवळ जमिनीपर्यंत. दिसायला देखणं आहे. पण पेटीची उंची दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध चार ते आठ पटींनी वाढतो, आणि तेवढा स्वस्त फायदा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. 1996 च्या लोटस एलिसने हाच सौदा उघडपणे केला. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या डिंकासारख्या इपॉक्सीने चिकटवून केलेली तिची चॅसी अवघी 68 किलोंच्या आसपास, पण दोन्ही बाजूंच्या सिल इतक्या उंच आणि रुंद की आत बसायचं म्हणजे कुंपण ओलांडल्यासारखं पाय टाकावा लागतो. लोकांनी कुरकुर केली, पण गाडी डगमगली नाही.

आपल्याकडे हा सौदा तसाच्या तसा चालणार नाही. साडी नेसलेली बाई किंवा गुडघे दुखणारा माणूस तेवढा उंबरठा ओलांडणार कसा? तुम्ही चौघं बावीस वर्षांचे, तुम्हाला ते सुचणार नाही, म्हणून सांगतो: लाकडी फळ्यांचा नुसता उंबरठा करा, खुर्ची ठेवा, आणि तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना त्यात बसवून उठवून बघा. माझ्या मते 800 मध्ये आहे त्या सिलच्या आत दुसरी बंद पेटी वेल्ड करावी आणि वर फार तर चार बोटं चढवावी. उरलेली ताकद गाडीच्या मधोमध शोधावी.

तिथे तुमचं नशीब चांगलं आहे. 800 चं इंजिन पुढे आणि पुढचीच चाकं ओढतात, त्यामुळे मधून शाफ्ट जात नाही. दोन सीटांच्या मध्ये एक बंद चौकोनी पेटी, साधारण 150 मिमी रुंद आणि 200 मिमी उंच, फायरवॉलपासून मागच्या आडव्या भिंतीपर्यंत सलग घ्या. हा गाडीचा कणा. लोटसनेच 1957 ची एलाइट ही बंद गाडी फायबरच्या सलग सांगाड्यावर केली होती, पण 1962 ला उघडी एलान करताना पत्रा वाकवून केलेला असाच कणा मध्ये घातला आणि फायबरचं अंग त्यावर नुसतं बसवलं. तुमचं अंगही फायबरचंच होणार आहे. त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा ठेवू नका, त्याला कपडा समजा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. दोन सिल आणि एक कणा या तीन समांतर काठ्या झाल्या. शिडीला पायऱ्या नसतील तर ती शिडी नाही. पुढची पायरी म्हणजे फायरवॉल आणि डॅशबोर्डखालची आडवी नळी, मागची पायरी म्हणजे सीटांमागची भिंत. तुमची गाडी दोन माणसांची असल्याने मागची सीट जाणार, तर त्या जागी फरशीपासून कमरेच्या रेषेपर्यंत पत्र्याची अखंड भिंत घाला आणि तिला इंग्रजी एक्ससारख्या दोन घड्या पाडा. स्पीकर बसवायला तिला भोकं पाडायचा मोह होईल. पाडू नका. या भिंतीच्या वरच सीटांमागची कमान येईल. तिला बाहेरून 25 मिमी व्यास, 3 मिमी जाडी आणि निदान 0.18 टक्के कार्बनची सीमलेस नळी घ्या, बाहा या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या गाड्यांच्या स्पर्धेत वापरतात तीच. जालन्याची सळई घराच्या स्लॅबला उत्तम, इथे कुणी स्वस्तात देतो म्हटलं तरी नको.

कमान केवळ गाडी उलटली तर म्हणून नाही. छप्पर कापलं की मधला पिलर खांद्याच्या खाली येतो आणि सीटबेल्टचा वरचा खिळा त्याच्यासोबत खाली जातो. बेल्ट खांद्यावरून खाली ओढला गेला तर धक्क्यात तो माणसाला धरून ठेवण्याऐवजी त्याचा मणका दाबतो. बेल्टचा वरचा टोक-बिंदू खांद्याच्या उंचीला किंवा वर हवा, म्हणून तो कमानीवर घ्या. पुढची काच आणि तिची चौकट मूळ ठेवा. कापून अर्धी करायची फॅशन आहे, ती वरातवाल्यांना लखलाभ. 800 ची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसते, म्हणजे काच स्वतः फार ताकद देत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही पिलरच्या आत खालपर्यंत नळी घाला आणि ती सिलला जोडा. उघड्या गाडीत डॅशबोर्ड आणि काच थरथरते ती इथल्या सांध्यामुळे.

आता मोजणी. गाइड सरांना उत्तर हवंय ना, तर त्यांना आकडा द्या, आणि तो कापण्याआधी घ्या. नंतर तो कुठूनच मिळणार नाही. गाडीचे मागच्या सस्पेन्शनचे दोन्ही माउंट पक्के धरा. पुढच्या दोन माउंटखाली आडवी बीम बांधा आणि बीमचा मध्य एका जाड सळईवर टेकवा. मध्यापासून एक मीटरवर 50 किलोची पोती टांगा. पिळ झाला 490 न्यूटन-मीटर. मध्यापासून अर्धा-अर्धा मीटर दूर दोन डायल गेज (मिलिमीटरचे बारीक भाग दाखवणारी घड्याळासारखी मापकं) लावा, त्यांचे स्टँड जमिनीवर हवेत, गाडीवर नाही. समजा एक गेज 2 मिमी खाली गेलं, दुसरं 2 मिमी वर. एक मीटरमध्ये 4 मिमी, म्हणजे 0.23 अंश. भागाकार करा: अंशाला सुमारे 2,100 न्यूटन-मीटर. आजच्या चांगल्या बंद गाड्या 20,000 च्या पुढे असतात, पण तुम्हाला त्यांच्याशी लढायचं नाही. तुमच्याच गाडीचा कापण्याआधीचा आकडा, कापल्यावरचा आणि मजबुती घातल्यावरचा, असे तीन आकडे एका पानावर आले की तुमचा प्रकल्प अर्धा झाला. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला तर मी स्वतः नांदेडला चहा प्यायला येईन.

दिसण्याबद्दल थोडं. कापलेली हॅचबॅक घंगाळासारखी का दिसते? कारण तिची बसण्याची जागा उंच असते; छप्पर गेलं की माणसं छातीपर्यंत बाहेर येतात. उघड्या गाडीत माणसाचं डोकं हाच तिचा सर्वांत वरचा बिंदू, म्हणजे माणूसही आकाराचा भाग. सीटचे रूळ कापून सीट निदान 70 मिमी खाली घ्या, मग स्टीअरिंगचा कोनही बदलावा लागेल. डोळ्यांची रेषा काचेच्या वरच्या पट्टीवर नेमकी येऊ देऊ नका, बुटका आणि उंच दोघंही बसवून पाहा. आणि एक गोष्ट सोडून द्या: लांब नाक. पुढचं चाक आणि दार यांच्यातलं जे ऐसपैस अंतर तुम्ही स्केचमध्ये काढलंय, ते मागची चाकं ओढणाऱ्या गाडीचं असतं. 2,175 मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या), इंजिन आडवं असलेल्या 800 ला ते फायबरने चिकटवलं तर सोंग दिसतं. 1991 ची होंडा बीट बघा: 656 सीसी, इंजिन मागच्या चाकांपुढे, लांबी जेमतेम 3.3 मीटर. तिने लांब नाकाचा आव आणला नाही, आखूड आणि गुबगुबीत राहूनच ती सुंदर आहे. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ज्या स्कोडाचा कारखाना आहे, तिच्या चेकमधल्या प्रशिक्षण शाळेतल्या पोरांनी 2014 ला छोट्या सिटिगोवरून सिटिजेट नावाची दोन माणसांची उघडी गाडी केली होती. तीही तुमच्यासारखी, तयार गाडी कापून. तिचा चेहरा त्यांनी सिटिगोचाच ठेवला. कॅपुचिनोही बघा, 1991 चीच, सुझुकीची, म्हणजे तुमच्या 800 च्या घरातली. तिचं छप्पर तीन तुकड्यांत सुटं होतं. पुढे सांगतो त्या कारणासाठी ती मला जास्त आवडते.

कारण ऊन. उघडी गाडी ही थंड देशातल्या लोकांची हौस आहे, ज्यांना सूर्य क्वचित दिसतो. आपल्याकडे मेच्या मध्याला नांदेड-परभणीत आणि तीन-चार दिवसांनी संभाजीनगरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पारा 42-43. त्या वेळी काळ्या रेक्झिनच्या सीटवर बसून दाखवा. तुमच्या स्केचचं नाव काय ठेवलंय ते विसरा, मराठवाड्यातल्या उघड्या गाडीचा खरा विषय आहे सावली. म्हणून मी म्हणेन, पुढची चौकट आणि मागची कमान यांच्यामध्ये दोन बारीक सुट्या नळ्या घ्या आणि त्यावर शेडनेट ताणा. भाजीच्या रोपांवर लावतात तीच, 50 टक्क्यांची किंवा 75 ची, कुठल्याही कृषी केंद्रात मिळते. वारा येतो, ऊन अर्धं गळतं, गुंडाळली तर पिशवीत मावते. हे मी कुठल्याच मोटार शोमध्ये पाहिलेलं नाही. तुमच्या कन्सेप्टमध्ये "कन्सेप्ट" म्हणण्यासारखं काही असेल तर ते हेच ठरेल, दिवे नाहीत. सीटला फिकट रंगाचं जाड कॅनव्हास लावा आणि गिअरच्या मुठीला धातू नको.

वाऱ्याबद्दल एक चूक सगळे करतात. वाटतं की वारा समोरून येईल आणि ओढणी मागे उडेल. तसं होत नाही. काचेवरून उडी मारून गेलेली हवा सीटांमागे वळते आणि मागून पुढे, मानेकडून तोंडाकडे येते. ओढणी, पदर, केस, सगळं तोंडावर, आणि रस्त्याची धूळही. म्हणून सीटांमागे डोक्याच्या उंचीपर्यंत जाळीचा आडोसा लागतो. लोकरीच्या दोऱ्याचे तुकडे चिकटवून गाडी ताशी तीसने चालवा आणि गाडीतून नाही, तर बाजूने चाललेल्या मोटारसायकलवरून मोबाइलने चित्रीकरण करा. एका दुपारचं काम आहे.

पाणी: सिलमध्ये आता दोन पेट्या झाल्या, त्या आतून गंजणार. दोन्ही टोकांना खालून 10 मिमीची भोकं ठेवा. आपली काळी माती ओली झाली की ती भोकं लोण्यासारखी बुजवते, म्हणून दर धुलाईला तार फिरवावी लागेल. वेल्डिंगनंतर आत मेण किंवा जुनं ऑइल फवारा.

आणि कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ स्पष्ट केलाय की निर्मात्याने दिलेला मूळ ढाचा बदललेली गाडी नोंदणीत बसत नाही. म्हणजे ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही, देगलूर नाक्यापर्यंतसुद्धा नाही. कॉलेजचं मैदान आणि प्रदर्शन, बस्स. नेताना टेम्पोवर.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक आले की पोस्टर नंतर दाखवा. आधी पुढचं एक चाक जॅकने वीतभर उचला, त्यांच्यापैकी एकाला हात धरून गाडीपाशी आणा आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार त्यांनाच उघडायला आणि लावायला सांगा.